वायपर्स, पॉप आणि प्लगस्ट्रीट: फौजी थट्टेच्या मागावर

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला ईपर नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौज चार वर्षं याच्या आसपास चिखलात रुतून बसली होती. लोक इथे येतात ते मुख्यतः दफनभूमी बघायला, आणि ते योग्यच आहे. पण त्याच पट्ट्यात शिपायांच्या थट्टा-मस्करीचाही मोठा ऐवज शिल्लक आहे: छापलेला, पाट्यांवर रंगवलेला, पुठ्ठ्यातून आणि लाकडातून घडवलेला. सप्टेंबरातला हा प्रवास त्याच्या मागावरचा. ही थट्टा जवळजवळ नेहमी फौजेच्याच भाषेत बोलते. सूचनाफलक, आदेश, नकाशा, भांडारातली मागणी असं फौजेचं जे जे म्हणून गंभीर, तेच ती उचलते आणि गंभीर चेहऱ्यानेच परत करते.

पहिला दिवस: ईपर

ब्रुसेल्सहून रेल्वेने दोनेक तास. स्टेशनपासून मुख्य चौक चालत दहा-बारा मिनिटांवर. चौकातला क्लॉथ हॉल मध्ययुगीन वाटतो, पण युद्धात त्याचे नुसते सुळके उरले होते. आज दिसते ती इमारत पुन्हा बांधलेली, आणि ते काम संपलं १९६७ मध्ये. आत 'इन फ्लँडर्स फील्ड्स' हे संग्रहालय आहे. घंटाघराच्या २३१ पायऱ्या चढल्या की सपाट मुलूख आणि पूर्वेकडची ती बेताची टेकाडं दिसतात. एवढ्याशा उंचीसाठी एवढी माणसं का मेली, हे वरून पाहिल्यावर पटकन कळतं. टेकडीवरच्याला खालचं सगळं दिसत होतं.

१९१६ च्या सुरुवातीला शेरवुड फॉरेस्टर्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या १२ व्या बटालियनचे कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स आणि लेफ्टनंट जॅक पिअर्सन यांना या चौकाजवळच्या एका पडक्या छापखान्यात मुद्रणयंत्र सापडलं. पलटणीतला एक सार्जंट मूळचा मुद्रक. त्याने यंत्र चालतं केलं आणि १२ फेब्रुवारी १९१६ रोजी 'वायपर्स टाइम्स'चा पहिला अंक निघाला. गावाचं फ्रेंच नाव 'ईप्र' टॉमीच्या, म्हणजे ब्रिटिश शिपायाच्या, जिभेवर बसेना, म्हणून 'वायपर्स'.

कागद होता, शाई होती. तुटवडा होता खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा. इंग्रजीत सर्वात जास्त लागणारं 'ई' आणि त्याच्या जोडीला 'वाय' ही अक्षरं एका पानातच संपायची. त्यामुळे एक पान जुळवायचं, त्याच्या सगळ्या प्रती काढायच्या, खिळे सोडवायचे आणि मगच पुढच्या पानाला हात घालायचा. पहिल्या अंकाच्या प्रती शंभर. पुढे तोफगोळ्याने यंत्र निकामी केलं, तेव्हा हेलफायर कॉर्नर या बदनाम चौकाजवळ दुसरं शोधून काढलं. फौज हलली की वर्तमानपत्राचं नावही बदलायचं. 'केमेल टाइम्स', 'सोम टाइम्स', आणि युद्ध संपताना 'बेटर टाइम्स'. एकूण २३ अंक निघाले.

खरी गंमत जाहिरातींत. छप्पर उडालेल्या क्लॉथ हॉलची जाहिरात नाट्यगृह म्हणून, आणि वैशिष्ट्य काय, तर गावातलं सर्वात हवेशीर सभागृह. मुलाला यंत्रांची आवड असेल तर त्याला ज्वालाफेक्या घेऊन द्या, मनोरंजन आणि शिक्षण दोन्ही साधेल, असा पालकांना सल्ला. आशावादाने पछाडलेल्यांसाठी तपासणीचे प्रश्न आणि आघाडीवर राहून खात्रीशीर उतारा. आघाडीपासून दूर बसून विजयाच्या बाता लिहिणाऱ्या युद्धवार्ताहरांची नावं उलटीसुलटी करून त्यांच्याच शैलीत लेख. या चेष्टेचा नेम बघण्यासारखा आहे. समोरच्या जर्मन शिपायाला क्वचितच टोला बसतो. बहुतेक टोले मागच्या ऑफिसात, लंडनच्या वर्तमानपत्रांत आणि स्वतःच्या अंगावर.

वरिष्ठांनी हे चालू का दिलं, याचं कारण अंक वाचतानाच सापडतं. एकाही पानात 'लढू नका' असं नाही. तक्रार आहे ती चिखलाची, उंदरांची आणि मागून येणाऱ्या निरर्थक पत्रांची. फौजेला कुरकुर चालते. नकार चालत नाही.

गावाची तटबंदी सतराव्या शतकातली, फ्रेंच अभियंता वोबाँच्या काळची. तिच्या पोटातली विटांची तळघरं तोफगोळ्यांना दाद देत नसत, म्हणून संपादक मंडळी तिथेच राहायची. तशाच एका तळघरात आता बिअरचा कारखाना आहे आणि तिथली एक बिअर या वर्तमानपत्राच्या नावाने विकली जाते. तटावरून मेनिन गेट ते लील गेट फेरी नक्की मारा, तासभर पुरतो.

रात्री आठला मेनिन गेटखाली 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी बिगुलाची धून वाजते. १९२८ पासूनचा रिवाज, मध्ये दुसऱ्या महायुद्धाचा खंड. नीट दिसायला हवं तर साडेसातच्या आत पोहोचा, आणि टाळ्या वाजवू नका.

दुसरा दिवस: पोपेरिंगे

ईपरहून रेल्वेने आठेक मिनिटं. शिपाई याला नुसतं 'पॉप' म्हणत. आघाडीपासून बारा किलोमीटर मागे, म्हणजे गोळ्यांच्या माऱ्यातून जवळपास सुटलेलं, त्यामुळे दुकानं, खानावळी आणि इतर सगळी सोय इथे. सप्टेंबर म्हणजे हॉप्सच्या, बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलाच्या, तोडणीचा हंगाम. उंच तारांवर चढवलेले वेल उतरवून गाड्या भरून नेत होते आणि अख्ख्या गावाला कडवट, हिरवा वास.

खास्टहाउसस्त्रात या रस्त्यावरचं 'टॅल्बट हाउस' हे या प्रवासातलं सर्वात आवडलेलं ठिकाण. हॉप्सच्या एका व्यापाऱ्याचं हे घर लष्करी पाद्री फिलिप क्लेटन, ऊर्फ 'टबी', यांनी भाड्याने घेतलं आणि डिसेंबर १९१५ मध्ये शिपायांसाठी उघडलं. नाव ईपरजवळ हूगच्या लढाईत मारल्या गेलेल्या गिल्बर्ट टॅल्बट या तरुण अधिकाऱ्याचं. ही दारूबंदीची जागा होती, तरीही तुडुंब भरायची. कारण एकच: दारातून आत आलं की हुद्दा बाहेर. जनरल आणि शिपाई एकाच बाकावर चहा पीत. चहा आजही मिळतो, स्वयंसेवक स्वतः करून देतात. आम्हाला चहा देणाऱ्या निवृत्त शिक्षिका इंग्लंडहून दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या आणि घराचा कोपरान् कोपरा तोंडपाठ असल्यासारख्या सांगत होत्या.

क्लेटन यांचं हत्यार म्हणजे पाट्या. फौजी माणूस दिवसभर 'मनाई आहे', 'हुकुमावरून' असं वाचून विटलेला. त्याला आणखी एक मनाई दिसली की तो ती मोडणार. म्हणून इथल्या पाट्या हुकुमाच्याच सुरात उलटं बोलतात. निराशावाद्यांसाठी बाहेरचा रस्ता दाखवणारी पाटी थेट मुख्य दाराकडे. कचऱ्याच्या टोपल्या निव्वळ शोभेच्या आहेत, हुकुमावरून. माणसाची पारख छत्रीवरून करू नका, ती त्याची नसेलही. आणि पाद्रीबुवांच्या खोलीच्या दारावर, डान्टेच्या काव्यातल्या नरकाच्या दारावरच्या 'आत येणाऱ्यांनो, सगळी आशा सोडा' या प्रसिद्ध ओळीची मोडतोड करून, आत येणाऱ्याने हुद्द्याचा त्याग करावा अशी आज्ञा. शिस्त लावायचीच, पण वाचणाऱ्याला हसवून.

पुस्तकालयाचा नियम तर व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावा असा. पुस्तक हवं असेल तर टोपी ठेवून जा. नोंदवही नाही, दंड नाही. टोपीविना बाहेर दिसलेला शिपाई लष्करी पोलिसाच्या हाती लागणार हे ठरलेलं, त्यामुळे पुस्तक परत यायचंच. फौजेचाच नियम फौजेच्या माणसावर असा फिरवला.

सर्वात वर, हॉप्स वाळवण्याच्या माळ्यावर, प्रार्थनाघर आहे. वेदी म्हणजे सुताराचं जुनं बाक. जिना अरुंद आणि उभा आहे. गुडघे दुखत असतील तर माळ्याचा हट्ट सोडा. घरात मुक्कामाच्या खोल्याही आहेत, साध्या आणि लवकर भरणाऱ्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

तिथून पाच मिनिटांवर नगरभवनाच्या आवारात मृत्युदंड झालेल्या शिपायांच्या कोठड्या आणि गोळ्या घालायचा खांब आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावं. टॅल्बट हाउसच्या पाट्या कोणत्या शिस्तीच्या शेजारी टांगल्या होत्या, ते त्याशिवाय कळत नाही.

जेवणाचं: शिपायांची इथली आवडती थाळी म्हणजे तळलेली अंडी आणि बटाट्याच्या फ्राइज. आजही बऱ्याच ठिकाणी मिळते. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा, बेल्जियममध्ये फ्राइज पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय मागवू नका. चीज क्रोकेटही तळलेलंच असतं, त्याचंही विचारून घ्या. गोडात माझारीन टार्ट, दालचिनीच्या पाकात भिजवलेला केक. एकाला एक पुरे होत नाही.

तिसरा दिवस: मेसेन आणि प्लूगस्टेर्ट

सायकली घेतल्या. या भागात सायकलवाटांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक आहे. सकाळी क्रमांकांची यादी कागदावर लिहून घ्यायची आणि पाट्या बघत जायचं, नकाशा उघडावा लागत नाही. मात्र वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा परतीची दिशा ठरवताना विचार करा.

मेसेनच्या टेकाडाखाली ब्रिटिशांनी दीड-दोन वर्षं बोगदे खणून सुरुंग पेरले होते. ७ जून १९१७ च्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी त्यांतले १९ उडवले. उद्या इतिहास घडेल की नाही कोण जाणे, भूगोल मात्र नक्की बदलेल, असं इथले ब्रिटिश सेनानी जनरल प्लमर यांच्या मुख्यालयातून आदल्या दिवशी वार्ताहरांना सांगितलं गेलं. भूगोल बदलला तो असा: स्पॅनब्रुकमोलेनला ९१,००० पौंड स्फोटकांनी पाडलेला खड्डा आता कमळांचं तळं आहे. क्लेटन यांच्या सांगण्यावरून लॉर्ड वेकफील्ड यांनी तो विकत घेऊन राखला. न उडालेल्या सुरुंगांपैकी एक प्लूगस्टेर्टजवळ १७ जून १९५५ रोजी विजांच्या वादळात उडाला. एक गाय दगावली, माणूस कोणी नाही. शेताच्या कडेला गंजलेले तोफगोळे आजही ठेवलेले दिसतात, लष्कर येऊन उचलेपर्यंत. फोटो लांबून काढा, बोटही लावू नका. त्यांत विषारी वायूचे गोळेही असतात.

प्लूगस्टेर्टचं टॉमींनी केलं 'प्लगस्ट्रीट'. जंगलातल्या फळ्यांच्या वाटांना त्यांनी लंडनच्या रस्त्यांची नावं दिली, स्ट्रँड, रीजंट स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, आणि रीतसर पाट्या रंगवून ठोकल्या. थट्टा खरी, पण उपयोगाची. पलटणींची बदली रात्री, दिव्याशिवाय व्हायची. नकाशावरच्या चौकोनाचा आकडा अंधारात, थकलेल्या डोक्यात राहत नाही. 'स्ट्रँड संपला की डावीकडे' हे राहतं. घोटाळा व्हायचा तो शेजारच्या पलटणीने आपल्या हद्दीतही एक पिकॅडिली काढली की.

जंगलाच्या पूर्वेला सँ-ईव्हाँ ही वस्ती. रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा मशीनगन अधिकारी ब्रूस बेअर्न्सफादर इथल्याच एका मोडक्या घरात राहिला आणि भिंतींवर चित्रं काढू लागला. पुन्हा बांधलेल्या घरावर आता पाटी आहे. १९१४ च्या नाताळातल्या उत्स्फूर्त युद्धबंदीत त्याने एका जर्मन अधिकाऱ्याशी कोटाच्या बटणांची अदलाबदल केली. बटणं कापायला तार कापायची पक्कड. मूळचा हौशी न्हावी असलेला एक ब्रिटिश मशीनगनर गुडघ्यावर बसलेल्या जर्मनाचे केस कापतानाही त्याने पाहिला. नंतर साप्ताहिकात त्याची व्यंगचित्रं गाजली. झुबकेदार मिशांचा कुरकुऱ्या 'ओल्ड बिल' घरोघरी पोहोचला. शिपायाला असं गबाळं दाखवल्याबद्दल आधी नाकं मुरडली गेली, आणि मग युद्ध खात्याने त्यालाच दोस्त फौजांसाठी अधिकृत व्यंगचित्रकार नेमलं.

१९१६ च्या पूर्वार्धात विन्स्टन चर्चिल याच भागात ६ व्या रॉयल स्कॉट्स फ्युसिलिअर्सचे प्रमुख होते. बटालियन हाती घेतल्यावर अधिकाऱ्यांना जमवून त्यांनी रीतसर युद्ध पुकारलं, उवांविरुद्ध. मग उवेचा इतिहास आणि सवयी यांवर सविस्तर व्याख्यान. अधिकारी आधी चक्रावले, आणि नंतर पलटण खरोखरच उवांपासून साफ झाली.

चौथा दिवस: झोनेबेके, आणि पाऊस

सकाळपासून बारीक पाऊस. इथली चिकणमाती पाणी जिरू देत नाही, बुटाला चिकटून वीट होते. सायकली ठेवून बसने झोनेबेकेचं संग्रहालय गाठलं. जमिनीखालच्या लाकडी खोल्या तिथे हुबेहूब उभारल्या आहेत. मोठी बॅग घेऊन जाऊ नका, जागोजागी वाकून चालावं लागतं.

दुपारी ईपरच्या खानावळीत शेजारच्या टेबलावर ब्रिटिश निवृत्त सैनिकांचा गट होता. विषय कळल्यावर त्यांनी नव्या रंगरुटाला फसवण्याचं शास्त्रच मांडलं. बहुतेक फौजांत ते थोड्याफार फरकाने सारखं आहे.

मूळ युक्ती म्हणजे अस्तित्वात नसलेली वस्तू भांडारातून आणायला पाठवणं. चौकडीचा रंग. डावखुरा स्क्रूड्रायव्हर. परेड मैदानाची किल्ली. नकाशावरच्या चौकोनांचा एक खोका. सर्वात सोपी 'लाँग वेट': पोरगा लांब वजन समजून मागतो, भांडारवाला 'बरं' म्हणून आत जातो आणि अर्धा तास त्याला उभा करून वाट बघायला लावतो. अमेरिकन नौदलात नव्या खलाशाला जीवरक्षक जाकीट, हेल्मेट आणि लांब आकडा देऊन डेकच्या टोकाला उभं करतात, टपालाचा बोया दिसला की ओढून घे म्हणून.

जमायला काय लागतं? वस्तूचं नाव खऱ्या वस्तूसारखं हवं. जोडीला माप किंवा नमुना क्रमांक हवा. 'रंग आण' पेक्षा 'पाच लिटर आण, दोन नको' याने विश्वास बसतो. साखळीतल्या प्रत्येकाने गंभीर राहून 'आमच्याकडचा संपला, वाहन विभागात बघ' म्हणायचं. तीन-चार थांबे पुरे, त्यापुढे थट्टा ताणते. शेवटच्या थांब्यावर एखादा समजूतदार माणूस हवा, जो त्याला चहा पाजून खरं सांगेल.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, हुशार पोरगा ओळखतो, 'शोधतोय' म्हणून दोन तास झोपतो, किंवा थेट सार्जंट-मेजरकडे जाऊन मागतो आणि तो सार्जंट-मेजर चौकशीला स्वतः येतो. दोन, पोळलेला पोरगा खरी वस्तूही थट्टा समजतो. अभियंत्यांच्या कामात 'डेडमॅन' खरा असतो: दोराचा ताण पेलायला जमिनीत आडवा पुरलेला ओंडका. फसवणुकीनंतरच्या आठवड्यात कोणी डेडमॅन पुरायला सांगितलं की पोरगं नुसतं दात काढतं. म्हणून दारूगोळा, पहारा, बिनतारी संदेश, औषधोपचार आणि धोक्याचा इशारा यांत थट्टा नाही, हा नियम. आणि मारहाण, उपाशी ठेवणं, रात्र रात्र छळणं याला थट्टा म्हणणारे त्या टेबलावर कोणी नव्हते. ज्याच्यावर झाली तो दुसऱ्या दिवशी हसून सांगू शकतो का, एवढीच त्यांची कसोटी. ती पुरेशी आहे असं वाटत नाही, कारण हसून सांगण्याचाही दबाव असतो.

पाचवा दिवस: लँगेम, माँत्रय, एताप्ल, बुलोन

भाड्याच्या गाडीने सीमा ओलांडून फ्रान्स. सीमा कळतही नाही, फक्त पाट्यांची भाषा बदलते.

एर गावाजवळचं लँगेम अगदी लहान. १९१६ मध्ये मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी इथे ब्रिटिश पहिल्या आर्मीची नेमबाजांची शाळा काढली, आणि पोरकट खोडीतून शास्त्र घडवलं. लपलेला जर्मन नेमबाज शोधायचा कसा? कागदाच्या लगद्याचं, रंगवलेलं माणसाचं डोकं काठीवर बसवायचं. खंदकाच्या कडेला खाच असलेली फळी पक्की करून त्या खाचेतून डोकं हळूहळू वर सरकवायचं. तोंडात सिगारेट, तिची रबरी नळी खाली बसलेल्या शिपायाच्या तोंडात, म्हणजे धूर खरा. गोळी लागली की डोकं झटकन पाडायचं, माणूस मेल्यासारखं. आता डोक्याला पुढे-मागे दोन भोकं आहेत. ते पुन्हा वर करायचं, पण पेरिस्कोपच्या (आडोशामागून वरचं बघायच्या आरशांच्या नळीच्या) वरच्या आणि खालच्या काचेत जेवढं अंतर, तेवढं खाली ठेवून. पेरिस्कोपची खालची काच पुढच्या भोकाला लावायची आणि मागच्या भोकातून बघायचं. नजर बरोबर गोळी आली त्या रेषेत जाते, आणि बघणाऱ्याचं स्वतःचं डोकं सुरक्षित राहतं. फळी जराशी हलली की रेषा चुकते, म्हणून सगळा भर ती पक्की बसवण्यावर. आणि डोकं फार वेळ, फार धीटपणे दाखवलं की समोरच्याला संशय येतो.

माँत्रयला ब्रिटिश सेनापती हेग यांचं मुख्यालय होतं. नाट्यगृहासमोर घोड्यावरचा पुतळा आहे, गाव सुंदर आहे, कॉफी प्या आणि निघा.

एताप्ल म्हणजे टॉमींचं 'ईट ॲपल्स', आणि त्यांचं सर्वात नावडतं ठिकाण. वाळूच्या टेकड्यांत पसरलेलं अवाढव्य प्रशिक्षण केंद्र, 'बुल रिंग'. कोऱ्या रंगरुटालाही तीच कवायत आणि जखमेतून उठलेल्या जुन्या शिपायालाही तीच: पाठीवर पूर्ण बोजा घेऊन वाळूत धाव, संगिनीचे वार, वायूच्या खोलीतून फेरी. प्रशिक्षकांच्या दंडावर पिवळी पट्टी असे, म्हणून त्यांचं नाव 'कॅनरी', त्या पिवळ्या पक्ष्यावरून. खोच अशी की यांतल्या अनेकांनी आघाडी पाहिलेलीच नाही, असा शिपायांचा समज. टॅल्बट हाउससारखी हुद्दा बाजूला ठेवणारी पाटी इथे कुठे नव्हती. ९ सप्टेंबर १९१७ ला एका न्यूझीलंडच्या शिपायाच्या अटकेवरून जमाव जमला, लष्करी पोलिसाने गोळी झाडली, एक कॉर्पोरल मेला आणि छावणी काही दिवस धुमसत राहिली. नंतर एकाला मृत्युदंड झाला.

छावणीचं आता काही दिसत नाही. रेल्वेमार्गालगत वास्तुविशारद लचन्स यांनी आखलेली दफनभूमी आहे, अकरा हजारांहून जास्त कबरींची. समुद्राचा वारा जोराचा असतो, जाकीट घ्या.

शेवटचा थांबा बुलोन. हिंदी पलटणी फ्रान्समध्ये असताना त्यांची पत्रं तपासणारं कार्यालय या बंदरात होतं. हिंदी शिपाई वर्तमानपत्र काढू शकत नव्हता, पाटी लावू शकत नव्हता. त्याच्या हातात फक्त घरचं पत्र, आणि तेही साहेब वाचणार. मग पत्रांत मसाल्याचा हिशेब येऊ लागला: काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत, पण थोडीथोडीच. काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांनी ही मिरी ओळखली आणि उतारे भाषांतर करून अहवालात नोंदवले, म्हणून ती टिकली. मूळ पत्रं बहुतेक गेली. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बघायचे असतील तर वाचकपत्र आधी काढून ठेवा.